औक्षणाचं ताट

"मॅडम, मोराची मान फार बारीक झालीय. निळा वाढवा जरा," रणपिसे साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणाले.

मी गेटात उकिडवी बसले होते. सकाळचे साडेनऊ, मे महिना, डांबर पायाखाली मऊ पडायला लागलेलं. चिमटीत निळा रंग आणि समोर चार फुटी मोर. खरं तर त्या वेळी मी टाकीवर असायला हवं होतं. रोज साडेनऊला मी नमुन्याची बाटली बुडवायची, तो माझा नेम होता. पण साहेब माझे वरिष्ठ, ते आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, "उद्या बाटल्या राहू द्या. केंद्रावर बाईमाणूस तुम्ही एकट्याच. रांगोळी आणि औक्षण तुमच्याकडे."

मी केमिस्ट होते हो! हरणेर नगरपालिकेच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची एकुलती एक केमिस्ट. एम.एस्सी. झालेली, कोंढाऱ्याच्या भोई आळीतली पहिली शिकलेली पोर. आणि मी मोराची मान भरत होते. त्या वेळी मला त्याचा रागही आला नव्हता, उलट मोर बरा जमलाय म्हणून मी मनातून खूश होते. आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

राज्याच्या स्वच्छता स्पर्धेची समिती यायची होती. आठ दिवस सगळी नगरपालिका नुसती पळत होती. केंद्राच्या आवारातल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. वाळून गेलेला एक लिंब होता, त्यालाही लागला. रस्त्याच्या दोन्ही कडांना आरोग्य खात्याच्या माणसांनी ब्लीचिंग पावडरीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. साहेब लोक यायचे म्हटलं की आपल्याकडे ही पावडर पडतेच. ती दिसली की लोकांना कळतं, आज कुणीतरी मोठं येतंय.

आमचे ऑपरेटर यासीनचाचा नवा निळा ड्रेस घालून माझ्याशेजारी उभे होते. हातात गुलदस्ता. एरवी हा माणूस टाकीची कड सोडायचा नाही. त्या दिवशी त्यांना स्वागताच्या रांगेत उभं केलं होतं.

"मॅडम, हवेचा ब्लोअर एकटाच चालू आहे वर," ते हळूच म्हणाले. "कुणी नाही बघायला."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, चाचा."

"हां, अर्धाच तास," असं म्हणून त्यांनी गुलदस्ता या हातातून त्या हातात घेतला.

चाचा आधी दूध डेअरीत होते. मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला हवेच्या टाकीवर नेलं होतं. खाली तपकिरी, गढूळ, फेसाळ पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. मी नाकाला पदर लावला आणि विचारलं, "ही साफ कधी करता?"

चाचा पोट धरून हसले. "साफ? अहो मॅडम, ही साफ झाली की मेली! हे विरजण आहे. ह्याच्यात जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. आपण खालून हवा द्यायची, त्यांनी शहराची घाण खायची. पुढच्या टाकीत सगळं तळाला बसतं, वरचं निवळलेलं पाणी नदीला जातं. आणि तळाचं थोडं परत आणून इथंच घालायचं. रोज. विरजण संपू द्यायचं नाही, बस, एवढीच नोकरी आहे आपली."

पाच वर्षं मी पुस्तकातून जे शिकले होते ते त्यांनी पाच वाक्यांत सांगितलं. पुढे मी ते सूक्ष्मदर्शकातून बघितलं. देठावर डोलणाऱ्या नाजूक घंटा, त्यांची तोंडं सारखी उघडमीट करणारी, आणि मधूनच सुसाट पळणारे बारके ठिपके. सकाळी आल्यावर आधी त्यांना बघायचं आणि मगच चहा घ्यायचा, अशी मला सवय लागली होती.

हे सगळं कशासाठी, तर तितरी नदीसाठी. तितरी काही मोठी नदी नाही. संक्रांत झाली की हरणेरच्या वरच्या अंगाला ती कोरडी ठाक पडते, पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. हरणेरच्या खाली मात्र तिला पाणी असतं, कारण ते आमच्या केंद्रातनं निघालेलं असतं. उन्हाळ्यात खालची नदी म्हणजे आमचंच पाणी, दुसरा थेंब नाही. आणि नऊ किलोमीटर खाली कोंढारे, माझं माहेर.

कोंढाऱ्याला आसरांचा डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्याच सात पाणदेवता. आमच्या आळीचा रिवाज असा, की होळी झाली की डोहात जाळं पडायचं नाही ते थेट पहिला पूर येऊन जाईपर्यंत. कारण त्या दिवसांत नदीतले सगळे जाणते मासे, अंड्यावर आलेले खवले आणि रोहू, डोहाच्या थंडाव्याला येऊन थांबतात. पूर आला की ते वर चढतात, उथळात अंडी टाकतात, आणि मग वर्षभर नदीला मासा असतो. डोह राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. माझे वडील, आबा, चार महिने काठावरच झोपायचे. कुणी गळ जरी टाकला तरी आबांचा आवाज नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू जायचा.

आबा एकदाच केंद्रावर आले होते. शेवटच्या पाटातून पाणी नदीत पडतं तिथं बसले, ओंजळ भरली, हुंगली. "वास न्हाई गं," म्हणाले. तेव्हापासून गावात कुणीही विचारो न विचारो, आबांचं एकच: "हे पाणी माझ्या पोरीच्या हातचं हाय." पाहुण्यांना सांगायचे, एसटीच्या कंडक्टरला सांगायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आवडायचंही.

तर त्या दिवशी मी मोराला डोळा काढत होते तेव्हा आरोग्य खात्याचा टेम्पो पोती घेऊन गेटातून आत गेला. रांगोळीवरून चाक जाऊ नये म्हणून मीच हात करून त्याला बाजूने काढून दिला. पोती ब्लीचिंगची होती. आम्हालाही ती लागते, अगदी शेवटच्या टाकीत, निवळलेल्या पाण्यात चिमूटभर. मला वाटलं, कोठीत उतरवून ठेवतील.

दहाला गाड्या आल्या. रणपिसे साहेबांनी ताट माझ्या हातात दिलं. हळद, कुंकू, अक्षता, तुपाचं निरांजन. मी उठून उभी राहिले, पायाला मुंग्या आलेल्या. मान वळवली ती सहज, पाय झटकताना. हवेच्या टाकीच्या कठड्यावर सहा माणसं होती, खांद्यावर पोती घेऊन. त्यांचा मुकादम विळ्याने पोत्याची शिवण कापत होता. पहिलं पोतं उलटं झालं आणि पांढरा धुरळा उठला.

"साहेब," मी म्हटलं, "टाकीवर बघा. हवेच्या टाकीत पावडर टाकतायत ते!"

"कोण?"

"आरोग्यवाले! थांबवा त्यांना, सगळं मरेल!"

रणपिसे साहेबांनी एकदा तिकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. घामाने चिंब झाला होता. "मीच सांगितलंय मुकादमाला, जिथं जिथं घाण दिसेल तिथं मारा म्हणून. अहो, पिण्याच्या पाण्यात टाकतो आपण ती. वास मरेल जरा, दुसरं काय होणार? ताट सरळ धरा, वात विझेल."

"साहेब, ती घाण नाही..."

"हेमलता!" ते दबक्या आवाजात ओरडले. "गाडीचं दार उघडलंय."

खरंच उघडलं होतं. मुख्याधिकारी वाकून वाकून पुढे आले. मी चाचांकडे बघितलं. चाचांनीही वर बघितलं होतं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक पाऊल त्यांनी रांगेबाहेर टाकलं, मुख्याधिकाऱ्यांनी डोळे वटारले, पाऊल मागे आलं. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि माझी नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्याने कागदावर यायची. हे मी कारण म्हणून सांगत नाही. आम्ही दोघं तिथं कसे उभे होतो तेवढंच सांगतेय.

समितीत पाच जण होते. पाच टिळे, पाच वेळा अक्षता, पाच वेळा ओवाळणं. अध्यक्षांच्या कपाळाला कुंकू लावताना मी टाकीकडे बघत होते, बोट घसरलं आणि ते नाकापर्यंत ओघळलं. ते हसून म्हणाले, "घाबरू नका, आम्ही काही खात नाही तुम्हाला." सगळे हसले. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." मागे एकामागून एक पोती पडत होती, धप्प, धप्प, असा आवाज येत होता. मी ताट टाकलं नाही.

बावीस पोती. रिकामी मी नंतर मोजली.

मंडळी टाकीवर गेली तेव्हा फेस पांढराशुभ्र झाला होता. अध्यक्षांनी खोल श्वास घेतला. "कमाल आहे! इतर ठिकाणी उभं राहवत नाही. इथं पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय."

"आमचा स्टाफ फार मेहनती आहे, सर," रणपिसे साहेब म्हणाले.

दुपारी गाड्या गेल्यावर मी प्रयोगशाळेत धावले. काचेवर थेंब घेतला. घंटा होत्या, देठ होते, पण सगळं जिथल्या तिथं. काही हलत नव्हतं. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. चाचा दारात उभे, अजून गुलदस्त्याचा कागद हातात.

"आहेत का मॅडम?"

"नाहीत चाचा."

ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "एक पण नाही?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे मला रडू आलं.

हे झालं सोमवारी. मंगळवारी सकाळपर्यंत मेलेलं विरजण काळं पडून निवळ टाकीतून वर आलं आणि पाटाने नदीत जायला लागलं. मागून शहर येतच होतं. शहर थांबतं का? सकाळी सहाला ऐंशी हजार माणसं उठतात, संडासला जातात, अंघोळी करतात, भांडी घासतात, आणि आठला तो सगळा लोंढा आमच्या दारात येतो. त्याला उभं करायला जागा नाही. आता ती घाण एका दारातून आत येत होती आणि जशीच्या तशी दुसऱ्या दारातून बाहेर पडत होती. मध्ये मी उभी होते, हात बांधल्यासारखी.

रणपिसे साहेबांना आता कळलं होतं. चेहरा उतरला होता. "किती दिवस लागतील?"

"नवीन विरजण लावून? वीस. पंधरा, नशीब असेल तर. साहेब, धरणातून थोडं पाणी सोडायला सांगा. नदीत चांगलं पाणी मिसळलं तर मासे तरी वाचतील."

"आवर्तन पंधरा तारखेला आहे. आधी सोडायचं तर कलेक्टरांची सही. आणि कारण काय लिहू? आम्हीच आमच्या टाकीत पावडर टाकली?" ते दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "हे बघा, निकाल लागेपर्यंत बाहेर एक शब्द नाही. तुमच्या पाया पडतो हवं तर."

तरी मी पत्र लिहिलं. ते त्यांच्या टेबलावर फायलीखाली राहिलं. शेजारच्या शहरातल्या केंद्राला चाचांनी फोन केला, दोन टँकर विरजण द्या म्हणून. ते म्हणाले, लेखी मागा. मग चाचांनी स्वतःच्या मेहुण्याच्या गोठ्यातून शेण आणलं, दोन ट्रॉल्या. गुळाच्या ढेपा आणल्या. आम्ही दोघांनी गुडघाभर शेणात उभं राहून ते कालवून टाकीत सोडलं. शेणात जीव असतात, गुळावर ते पोसतात, हळूहळू टाकी धरते. रस्त्यावरचे लोक कुंपणापाशी थांबून विचारत होते, "काय मॅडम, सारवायला घेतलंय का?"

"हो! या तुम्ही पण!" मी ओरडले. शेवटी चाचांनीच मला गप्प केलं.

बुधवारी मी कोंढाऱ्याच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदाराच्या पोराने आबांना बोलावून आणलं. आबा फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलायचे, त्यामुळे सगळं दुकान ऐकायचं.

"बोल गं हेमे. पानी काळं आलंय आज. फेस बी हाय."

"आबा, टाकीत जरा बिघाड झालाय. चार-आठ दिवस पाणी खराब येईल. जनावरांना पाजू नका."

"आन डोह?"

मला सांगायला हवं होतं की डोह उघडा, जाळं टाका, निघतील तेवढे मासे काढून विहिरीत सोडा. आजच. पण मागून दुकानातले आवाज येत होते, आणि साहेबांचं ते 'पाया पडतो' कानात होतं. आणि खरं सांगू? आबांना ते सांगायची माझी जीभच रेटली नाही.

"डोह खोल आहे आबा. निभेल."

आबा म्हणाले, "बिघाड कशानं झाला?"

"माणसांनी ब्लीचिंगची पावडर टाकली. न विचारता."

"तू कुठं हुतीस?"

"आत होते," मी म्हटलं. "प्रयोगशाळेत. मला काही माहीतच नव्हतं. कळलं तोवर टाकून झाली होती."

"बरं," आबा म्हणाले. "जेवलीस का?"

शुक्रवारी पहिल्या एसटीने मी गेले. फाट्यावर उतरले आणि वासानेच कळलं. उजाडत होतं. काठावर सगळी भोई आळी उभी होती. डोहाचं पाणी शिशासारखं झालं होतं आणि सगळ्या डोहभर माशांची तोंडं वर आली होती. हातभर लांबीचे खवले, पोटं फुगलेले रोहू, सगळे तोंडं उघडमीट करत हवा ओढत होते. पाण्यात प्राणवायूच राहिला नव्हता. इतके मासे डोहात आहेत हे आम्हालाही कधी माहीत नव्हतं. बघायला मिळाले ते असे.

"आबा, जाळं टाका!" मी ओरडतच खाली उतरले. "काढा ह्यांना, शिंद्यांच्या विहिरीत सोडू!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. सत्तरीचा माणूस, आयुष्यात कधी होळीनंतर डोहात जाळं टाकलं नव्हतं, टाकू दिलं नव्हतं. ते सात दगडांपाशी गेले, टोपी काढली. "बायांनो, पदरात घ्या," एवढंच म्हणाले. मग जाळं खांद्यावर घेतलं आणि फेकलं.

मासे पळाले नाहीत. जाळ्यातही धडपडले नाहीत. बायांनी घागरी, बादल्या, कढया, मिळेल ते आणलं. डोहापासून विहिरीपर्यंत रांग लागली. मीही पळत होते, साडी खोचून, बादली छातीशी धरून. बादलीतला रोहू माझ्याकडे तोंड करून श्वास घेत होता आणि मी त्याला म्हणत होते, "थांब रे, आलीच विहीर, थांब." अकरा वाजेपर्यंत तीनशेच्या वर मासे आम्ही विहिरीत सोडले. दुपारी विहिरीत डोकावलं तर सगळे उलटे, पांढरी पोटं वर. त्यांच्यात आधीच काही राहिलं नव्हतं. डोहात फक्त मरळ जगले. ते वरची हवा घेतात.

काठावर मेलेल्या माशांचा ढीग पडला होता. भाऊशा तारू, आबांच्या बरोबरीचे, ढिगाकडे बघत म्हणाले, "फुडच्या सालाचं बी गेलं आन त्याच्या फुडच्या सालाचं बी गेलं." मग आबांकडे वळून म्हणाले, "हेच का रं तुज्या पोरीच्या हातचं पानी?"

मी मान खाली घातली. सगळी आळी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता बोलावं, सगळं सांगून टाकावं.

आबा पुढे आले. अंगाला माशांचे खवले चिकटलेले. "भाऊशा, तोंड सांभाळ. माझी पोर तिथं नव्हती त्या येळंला. ती आत हुती, तिच्या कामात. तिला ठावं असतं तर तिनं टाकू दिलं असतं व्हय? जीव दिला असता तिनं."

भाऊशा म्हणाले, "आसंल." मी वाकून रिकामी बादली उचलली.

संध्याकाळी आम्ही मासे खड्ड्यात पुरून घरी आलो. आई नव्हतीच, तीन वर्षांपूर्वी गेली होती. आबांनी चूल पेटवली, चहा ठेवला. दोघांच्याही अंगाला वास येत होता. चहा प्यायल्यावर आबांनी वळचणीला खोचलेला वर्तमानपत्राचा कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला.

"किराणावाल्यानं आणून दिला. म्हनला, तुमची पोर पेपरात आलीया."

पेपर मंगळवारचा होता. मी फोन केला बुधवारी.

फोटो मोठा होता. मधोमध समितीचे अध्यक्ष, कपाळावर ओघळलेलं कुंकू, बाजूला हसणारे मुख्याधिकारी आणि रणपिसे साहेब. पुढे मी, ताट घेऊन. पाठीमागे, लांबवर पण स्पष्ट, टाकीचा कठडा, त्यावर पोती घेतलेली माणसं आणि पांढरा धुरळा. सगळी माणसं फोटोवाल्याकडे बघत होती. मी एकटी बघत नव्हते. माझे हात ताटाला, आणि मान पूर्ण मागे वळलेली, टाकीकडे. तोंड उघडं.

आबांना अक्षर येत नव्हतं. फोटो बघता येत होता. त्यांनी बोट आधी पोत्यांवर ठेवलं, मग माझ्या मानेवर.

"मंगळवारपास्नं बघत हुतो," ते म्हणाले. "लई बघितलं."

"आबा..."

"ताट लई जड हुतं का गं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी चहाचे रिकामे कप उचलले. आबांनी कागदाची घडी घातली, चुलीत सरकवली आणि म्हणाले, "जा, अंगावर पाणी घे. आपल्या हिरीचं घे, नदीचं नगं."

केंद्र एकोणिसाव्या दिवशी धरलं. काचेवर पहिली घंटा डोलताना दिसली तेव्हा चाचांनी पेढे वाटले. नगरपालिकेला विभागात दुसरा क्रमांक मिळाला आणि मला प्रशस्तिपत्रक. तोच फोटो काच लावून मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात लागला. फोटोतली मान कुणाच्या लक्षात आली नाही. पुढे मी त्याच केंद्रावर बावीस वर्षं काढली, आणि समिती येवो की मंत्री, रांगोळीला हात लावला नाही. पण हे मी आता सांगतेय, त्याला काय अर्थ आहे? त्या जूनमध्ये तितरीला पूर आला, आणि वर चढायला मासा नव्हता.

आबा त्यानंतर सहा वर्षं होते. मला कधी टाकून बोलले नाहीत. लग्न करून दिलं, बाळंतपणाला आणलं, नातवाला खांद्यावर घेऊन डोहावर नेलं. एकदा मी माहेरी असताना एक पाहुणा आला होता, दूरच्या नात्यातला. उन्हाळा होता. आम्ही काठावर बसलो होतो. पाणी चांगलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. डोहात बोटभर मासेही दिसायला लागले होते. पाहुणा म्हणाला, "आबा, समदीकडं नद्या आटल्यात. तुमच्या नदीला एवढं पानी आलं कुठनं?"

मी आबांकडे बघितलं. 'माझ्या पोरीच्या हातचं' हे त्यांच्या तोंडून किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी नातवाची टोपी सरळ केली. "येतंय," म्हणाले. "शहराकडनं."